बेळगावहून ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: आधी पैसे कुठे ठेवलेत ते बघा

बेळगावात व्हिसाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपला पत्ता कर्नाटकातला, म्हणजे बेंगळूरलाच जावं लागणार." ब्रिटनच्या बाबतीत हे साफ चूक आहे. जर्मनी राहत्या पत्त्यावरून केंद्र ठरवतं, ब्रिटन ठरवत नाही. अर्ज आणि फी ऑनलाइन, बोटांचे ठसे भारतातल्या कुठल्याही ब्रिटिश अर्ज केंद्रावर. बेंगळूर जवळपास पाचशे किलोमीटर. पुणे त्याहून बरंच जवळ, पणजी तर चोर्ला घाटातून तीन-साडेतीन तासांवर. निपाणी-चिकोडीकडच्यांनी सरळ पुणे धरावं, फक्त कागल ते सातारा रस्त्याच्या कामासाठी वेळ हातात ठेवावा. खानापूर-बेळगावकरांना पणजी सोयीची, पण सप्टेंबरच्या प्रवेशाचे ठसे नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि तेव्हा चोर्ल्याकडे जाणारा जांबोटी-कणकुंबीचा रस्ता भरवशाचा नसतो. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच घाट उतरा.

मोठ्या शहराची एक फेरी मात्र चुकत नाही, ती टीबीच्या दाखल्यासाठी. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर छातीचा एक्स-रे ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्यातलाच लागतो. बेळगावातल्या मोठ्या हॉस्पिटलचाही एक्स-रे चालत नाही. मान्य दवाखाने बेंगळूर आणि मुंबईत आहेत. बेंगळूरला जायचं तर रात्रीची रेल्वे किंवा बस घ्या. पहाटे सुटणारी वंदे भारत दुपारी पोहोचवते, तोवर सकाळची वेळ हुकलेली असते. दाखला सहा महिने चालतो, म्हणून ही फेरी मे-जूनमध्येच उरका. एक्स-रेत शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला दोन महिने लागू शकतात. जुलैअखेर गेलात आणि हे निघालं, तर सप्टेंबरचा प्रवेश गेलाच म्हणून समजा.

आता खरी घसरडी जागा. आपल्या भागातले अर्ज इंग्रजीवर किंवा मार्कांवर कमी अडतात, पैशावर जास्त. आणि घरात पैसे असूनही अडतात, हे सगळ्यात वाईट.

नियम असा आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड धरतात. नऊ महिन्यांचे झाले १३,७६१ किंवा १०,५३९. २८ दिवसांतला एक दिवस जरी रक्कम त्याखाली गेली तरी नकार येऊ शकतो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवी, आणि अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज फी भरून दाखल केला तो दिवस, ठसे दिले तो नव्हे. १ जुलैला पैसे जमा झाले, २९ जुलैपर्यंतचं स्टेटमेंट काढलं, तर २९ ऑगस्टच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. रुपयाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काठावर राहू नका. हिशेबापेक्षा पाच-सात टक्के जास्त ठेवा.

अडचण पुढे आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी भागात घरची बचत बँकेत कमी आणि सोसायटीत जास्त असते. पिग्मी, ठेव, सौहार्द सहकारी, मल्टिस्टेट पतसंस्था, काहीही म्हणा. या संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँका नाहीत. ब्रिटनला पैसे अधिकृत नियामकाच्या देखरेखीखालच्या संस्थेतच हवेत. त्यामुळे सोसायटीच्या ठेवपावतीवर लाखो रुपये दिसत असले तरी व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी ते शून्य. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेखाली येतात, तरी तिथेही थांबू नका. पूर्वी ब्रिटन न चालणाऱ्या भारतीय बँकांची यादीच काढत असे आणि तिच्यात सहकारी बँका भरपूर होत्या. यादी आता नाही, पण धोका कशाला घ्यायचा? पैसे राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत हलवा.

सोसायटी एवढी रक्कम एका दमात देत नाही. मुदतीआधी ठेव मोडायची तर अर्ज, संचालकांची सही, आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून ही सुरुवात एप्रिल-मेमध्येच करायची. रोख अजिबात घेऊ नका, आरटीजीएसने घ्या आणि ठेव मोडल्याचा कागद जपून ठेवा. अचानक आलेल्या मोठ्या रकमेवर "हे कुठून आले?" असा प्रश्न येतोच. ऊसबिलाचे पैसे असतील तर कारखान्याची बिलं ठेवा.

दुसरी ठेच एकत्र कुटुंबाची. खातं विद्यार्थ्याचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. काकांचं चालत नाही, मामाचं नाही, थोरल्या भावाचंही नाही, मग त्याने कितीही मनापासून हमीपत्र दिलं तरी. काका देणार असतील तर त्यांनी पैसे वडिलांच्या खात्यात वर्ग करावेत, त्या दिवसापासून २८ दिवस मोजायचे. शेताचा उतारा, घराचं व्हॅल्युएशन, सीएने काढलेलं नेटवर्थचं प्रमाणपत्र यांचा इथे काहीही उपयोग नाही. तरीही गावोगाव हे कागद काढून दिले जातात आणि त्यांचे पैसे घेतले जातात. देऊ नका.

ज्या खात्यावर २८ दिवस मोजायचे त्या खात्यातून व्हिसाची फी, हेल्थ सरचार्ज (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क), विद्यापीठाचा हप्ता, घरकर्जाचा ईएमआय, काहीच जाऊ देऊ नका. एक वर्षाच्या मास्टर्सला सरचार्ज साधारण १,१६४ पौंड होतो, कारण व्हिसा कोर्स संपल्यावरही काही महिने असतो. हा खर्च दुसऱ्या खात्यातून करा.

शैक्षणिक कर्ज हा यातून सुटायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग. त्याला २८ दिवसांची अट नाही. पत्र अर्जाआधी सहा महिन्यांच्या आतलं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर, आणि प्रवासाआधी पैसे मिळतील असं स्पष्ट लिहिलेलं हवं. "गहाणखत पूर्ण झाल्यावर" असली अट असलेलं मंजुरीपत्र जोडाल तर अडकाल. बँका तारणाला शेतजमीन सहसा घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर मागतात, हेही आधीच विचारून ठेवा.

"फंड दाखवून देतो, महिन्याला इतके टक्के" म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. खोटा कागद सापडला तर दहा वर्षांची बंदी येते, आणि ती विद्यार्थ्यावर येते, त्या माणसावर नाही.

वडिलांचं खातं दाखवायचं तर जन्मदाखला आणि आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं. सीमाभागाची खास अडचण इथे आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला. मग दाखला महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा, बहुतेकदा नुसता मराठीत. किंवा बेळगावचा जुना दाखला, ज्यात बाळाचं नावच नाही. आधी नाव घालून नवा दाखला काढा. मराठी किंवा कन्नड कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क, हे सगळं हवं. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. वडिलांचं नाव बँकेत आद्याक्षरांनी आणि दाखल्यात पूर्ण असेल तर बँकेतलं नाव सुधारून घ्या. प्रतिज्ञापत्रापेक्षा ते भक्कम.

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंगच्या मुलांनी 'अटास' या ब्रिटिश सरकारच्या परवानगी प्रमाणपत्राची चौकशी ऑफर हातात येताच करावी. काही तांत्रिक विषयांना हे प्रमाणपत्र लागतं आणि यायला महिना-दीड महिना जातो. ते मोफत आहे. त्याची 'सरकारी फी' कोणी मागितली तर तिथून उठून या. डिग्रीच्या कोर्सला महागडी यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा खात्याने ठरवलेली) इंग्रजीची परीक्षा बहुधा लागत नाही, साधी आयईएल्ट्स अकॅडमिक चालते. विद्यापीठाला ईमेल करून विचारा, कन्सल्टन्सीला नको. कन्सल्टन्सीला विद्यापीठ कमिशन देतं, त्यामुळे फाइल चार्ज, प्रोसेसिंग चार्ज कशाचे ते लेखी मागा. सरकारी फीच्या पावत्या विद्यार्थ्याच्याच ईमेलवर येतात, म्हणून अर्जात ईमेल स्वतःचा घाला.

ठशांच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कागद घरूनच अपलोड करा म्हणजे स्कॅनिंगचे पैसे वाचतात. लाउंज, एसएमएस असल्या सेवा ऐच्छिक आहेत, नको म्हणा. बोटांवर मेंदी नको, चीर नको.

निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. नकार आला तर सरचार्ज परत मिळतो, व्हिसाची फी नाही. पुनर्विचाराचा अर्ज २८ दिवसांत करता येतो, पण त्यात नवीन कागद सहसा पाहत नाहीत. म्हणजे चूक अधिकाऱ्याची असेल तरच तो करा. स्टेटमेंट आपलंच कमी पडलं असेल तर त्याच दिवशी विद्यापीठाला नवा सीएएस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशनिश्चितीचा दाखला) मागा, कारण जुना वापरला गेलेला असतो, आणि उशिरात उशिरा किती तारखेपर्यंत वर्गात हजर होता येईल ते लेखी घ्या. त्या तारखेपर्यंत नवे २८ दिवस आणि निर्णयाचे तीन आठवडे बसत नसतील तर प्रवेश जानेवारीला ढकला.