व्हॉल्यूम कुणाचा? नावावर जाऊ नका, नंबर जुळवा

बडोद्यात जुनं स्टोरेज (अनेक सर्व्हरना डिस्क पुरवणारं यंत्र) रिकामं करून नव्यावर न्यायचं म्हटलं की उत्तरायणाची सुट्टी सोयीची पडते. १४ आणि १५ जानेवारीला कारखाना बंद, अकाउंट्सची मंडळी पतंग उडवायला गच्चीवर. अडचण एवढीच की ‘हा दोन टेराबाइटचा व्हॉल्यूम कुणाचा?’ हे ज्याला विचारायचं तोही गच्चीवरच असतो, आणि ‘काप्यो छे’च्या गलक्यात त्याला फोन ऐकू येत नाही. म्हणून कुठला व्हॉल्यूम (स्टोरेजमधून सर्व्हरला कापून दिलेली डिस्क) कुठल्या सर्व्हरला जोडलाय याची यादी डिसेंबरातच हातात हवी.

ही यादी नावांवरून करू नये. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या दारावर पाटी आजोबांची असते आणि राहणारे तिसरेच. स्टोरेजवरच्या होस्टच्या, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरच्या, नावाचंही तसंच. ते नाव कुणीतरी हाताने टाइप केलेलं असतं. पुढे सर्व्हर बदलला, एचबीए कार्ड (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारं) काढून दुसऱ्या मशिनमध्ये बसवलं, तरी पाटी जुनीच राहते. भरवसा दोनच नंबरांवर ठेवायचा: व्हॉल्यूमचा युनिक आयडी आणि सर्व्हरच्या फायबर पोर्टचा ओळख-नंबर, डब्ल्यूडब्ल्यूपीएन. आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज) असेल तर डब्ल्यूडब्ल्यूपीएनच्या जागी सर्व्हरचा आयक्यूएन. लन नंबर, म्हणजे व्हॉल्यूम सर्व्हरला ज्या क्रमांकाने दिसतो तो, ही ओळख नव्हे. लन ३ प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असू शकतो.

सुरुवात स्टोरेजकडून. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.) आयबीएमच्या स्टोअरवाइझ घराण्यात ‘एलएस-होस्ट-व्हीडिस्क-मॅप’ काहीही पुढे न जोडता चालवली की सगळी मॅपिंग (कुठला व्हॉल्यूम कुणाला जोडलाय त्या नोंदी) एका दमात मिळतात: होस्ट, स्कझी आयडी (म्हणजे लन नंबर), व्हॉल्यूम, युनिक आयडी. एकाच व्हॉल्यूमपुरतं बघायचं तर ‘एलएस-व्हीडिस्क-होस्ट-मॅप’. दोन नावं उलटसुलट आहेत आणि घाईत हमखास चुकतात. नेटॲपवर ‘लन मॅपिंग शो’. थ्रीपारवर ‘शो-व्हीलन’, पण तिथे दोन तऱ्हा आहेत. ‘डॅश टी’ने लिहून ठेवलेली मॅपिंग दिसतात, ‘डॅश ए’ने प्रत्यक्ष चालू असलेली. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे सर्व्हर बंद आहे किंवा पाथ (सर्व्हर ते स्टोरेज ही वाट) तुटलाय. चौकशी नेमकी अशाच नोंदींची करायची.

मग सर्व्हरची बाजू. लिनक्सवर ‘सिस, क्लास, एफसी-होस्ट’ या फोल्डरखाली प्रत्येक पोर्टच्या ‘पोर्ट-नेम’ फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतो. विंडोजवर पॉवरशेलमधून ‘गेट-इनिशिएटरपोर्ट’. व्हॉल्यूमचा आयडी लिनक्सवर ‘मल्टिपाथ डॅश एलएल’च्या पहिल्या ओळीत कंसात येतो, विंडोजवर ‘गेट-डिस्क’च्या युनिकआयडीत, ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरचं, व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ‘एनएए’ शब्दापुढे. लिनक्सचा आकडा ३३ अक्षरी असतो, स्टोरेजवरचा ३२. सुरुवातीचा ३ हा फक्त आयडीचा प्रकार सांगतो, तो काढायचा की उरलेलं तंतोतंत जुळतं. नेटॲपवर आणखी एक पायरी आहे. तिथे लनचा सिरियल १२ अक्षरांचा दिसतो. त्यातल्या प्रत्येक अक्षराचा दोन आकडी हेक्स कोड केला की २४ आकडे होतात आणि पुढे ‘६००ए०९८०’ लावलं की ३२ पूर्ण.

जुळवाजुळव एक्सेलमध्ये करणार असाल, आणि सगळेच करतात, तर आधी कॉलम ‘टेक्स्ट’ करा आणि मगच पेस्ट करा. डब्ल्यूडब्ल्यूपीएन १६ आकडी (० ते ९ आणि ए ते एफ) असतो आणि एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक राहतो. ज्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनमध्ये योगायोगाने एकही अक्षर नाही, त्याचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. एकाच कार्डावरच्या दोन पोर्टांत बरेचदा फरक शेवटच्या आकड्याचाच असतो, म्हणजे दोन्ही एक होऊन बसतात. शिवाय सर्व्हर आणि स्टोरेज यांच्या मधला स्विच कोलन घालून दाखवतो, लिनक्स पुढे ‘०एक्स’ लावतो, स्टोरेज कॅपिटलमध्ये लिहितं. सगळीकडचे कोलन आणि ‘०एक्स’ काढून, अक्षरं स्मॉल करून मगच व्हीलुकअप लावा.

स्टोरेजवर डब्ल्यूडब्ल्यूपीएन आहे पण कुठल्याच सर्व्हरवर सापडत नाही, तेव्हा स्विचला विचारायचं. ब्रोकेडवर ‘नोडफाइंड’, सिस्कोवर ‘शो फ्लोगी डेटाबेस’. पोर्ट नंबर कळला की रॅकमागे जाऊन केबल धरून पोचता येतं. आकड्यावरूनही अंदाज बांधता येतो. १०:००:००:००:सी९ दिसलं तर एम्युलेक्सचं कार्ड, २१:००:००:२४:एफएफ म्हणजे क्यूलॉजिक. २०:००:००:२५:बी५ असेल तर सिस्कोचं यूसीएस, आणि तिथे केबल धरून जाण्यात अर्थ नाही. तो नंबर सर्व्हिस प्रोफाइलचा (सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या सर्व्हरच्या ओळखीचा) असतो, प्रोफाइल दुसऱ्या ब्लेड सर्व्हरवर हलवलं की नंबरही हलतो.

सी०:५०:७६ने सुरू होणारे नंबर मात्र जपून. हे आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल फायबर अडॅप्टरचे. प्रत्येक अडॅप्टरला दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन मिळतात आणि एका वेळी साधारण एकच लॉगिन असतो. दुसरा नंबर, पार्टिशन (त्या मशिनवरचा एक व्हर्च्युअल सर्व्हर) चालू असताना दुसऱ्या मशिनवर हलवण्यासाठी राखलेला. साफसफाईच्या उत्साहात कुणीतरी ‘हा कधीच लॉगिन होत नाही’ म्हणून तो उडवतो. त्या दिवशी काही होत नाही. महिन्यांनी पार्टिशन हलवायची वेळ येते तेव्हा काम अडतं, आणि कारण कुणाला आठवत नाही.

आयस्कझीतला घोळ याच्या उलट. व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की ‘इनिशिएटरनेम’ची फाइलही जशीच्या तशी येते. दोन सर्व्हर, एक आयक्यूएन. स्टोरेजला वाटतं एकच होस्ट आहे, त्यामुळे मॅपिंगची यादी निर्दोष दिसते आणि दोघं एकाच एक्सएफएस फाइलसिस्टमवर लिहून ती खराब करतात. सेशनच्या यादीत एका आयक्यूएनपुढे अनपेक्षित आयपी दिसले तर लगेच तपासा.

ईएसएक्सआय असेल तर स्टोरेजचं उत्तर अर्धंच असतं. आठ होस्टच्या क्लस्टरला मॅप, एवढं कळतं. त्यावर टॅली चालतं की हजेरीचं सॉफ्टवेअर, ते नाही. ‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज व्हीएमएफएस एक्स्टेंट लिस्ट’ने एनएए आणि डेटास्टोअरची (व्हर्च्युअल मशीनच्या फाइली ठेवायची जागा) जोडी लागते, तिथून व्हर्च्युअल मशीनपर्यंत. जो एनएए या यादीत नाही तो रिकामाच, असं धरू नका. तो आरडीएम असू शकतो, म्हणजे कच्ची डिस्क थेट एखाद्या व्हर्च्युअल मशीनला दिलेली. ओरॅकल एएसएमची (ओरॅकल डेटाबेस थेट वापरतो ती) डिस्कही अशीच फसवते. तिच्यावर फाइलसिस्टम नसते, म्हणून बघणाऱ्याला कोरी वाटते. विंडोजवर तर ‘इनिशियलाइझ करू का?’ अशी खिडकीच उघडते. तिथे ओके दाबू नये, एवढं भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

आय-ओ (वाचणं-लिहिणं) शून्य आहे म्हणजे वापर नाही, हाही कच्चा पुरावा. काही व्हॉल्यूम फक्त ३१ मार्चच्या क्लोजिंगला जागे होतात. उलट, थोडे रीड दिसतात म्हणून वापर आहे असंही नाही, कारण मल्टिपाथचा चेकर (पाथ शाबूत आहे का हे तपासणारा) डायरेक्ट-आयओवर असेल तर तो स्वतःच अधूनमधून वाचत राहतो. क्लस्टरची डिस्क असेल तर ‘एसजी-पर्सिस्ट’ला फुल स्टेटस विचारा. डिस्कवर कोणकोणत्या पोर्टने नाव नोंदवलंय ते थेट कळतं.

आणि ज्या व्हॉल्यूमला एकही मॅपिंग नाही तो अनाथ, असं समजण्याआधी रेप्लिकेशन बघा. डीआर साइटवरची (आपत्तीसाठी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली) प्रत बहुतेकदा अनमॅप्डच असते.

इतकं करूनही मालक सापडला नाही, तर डिलीट नाही, अनमॅप. तेही आधी सर्व्हरकडून सोडवून: अनमाउंट, व्हॉल्यूम ग्रुप बंद, ‘मल्टिपाथ डॅश एफ’, स्कझी डिव्हाइस काढणं, आणि शेवटी स्टोरेजवर अनमॅप. क्रम उलटा केला आणि मल्टिपाथमध्ये ‘क्यू इफ नो पाथ’ (पाथ नसेल तर थांबून राहा) असेल, तर प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कच्या उत्तराची वाट बघत) अडकतात आणि किलने मरत नाहीत. अनमॅप करण्यापूर्वी जुना होस्ट, लन नंबर आणि आयडी लिहून ठेवा, म्हणजे फोन आला की परत जोडणं मिनिटाचं काम. मोकळा झालेला लन नंबर लगेच दुसऱ्या व्हॉल्यूमला देऊ नका. सर्व्हरवर जुना पाथ शिल्लक असेल तर तो नव्या डेटाकडे बोट दाखवू लागतो. आम्ही ३५ दिवस धरतो, म्हणजे एक महिनाअखेर मध्ये येतेच. अकाउंट्सचा वास येत असेल तर एप्रिल उजाडेपर्यंत हात लावायचा नाही.