संडे क्रीकच्या काठी

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील हॉकिंग हिल्सच्या घळी आणि धबधबे सुंदर आहेत, परंतु शरद ऋतूतील सुट्टीच्या दिवशी तेथे इतकी गर्दी उसळते की त्यांच्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही. तेथून अथेन्सच्या बाजूला ट्रूटाउन नावाची लहानशी वस्ती आहे, आणि तिच्याजवळ संडे क्रीक या ओढ्याच्या काठावर जे पाहिले ते अजून मनातून जात नाही.

बंद पडलेल्या कोळसा खाणीतले पाणी तेथे जमिनीतून सतत वर येते, मिनिटाला सुमारे एक हजार गॅलन. खाणीतल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि लोह पाण्यात विरघळते. उघड्यावर आल्यावर त्या लोहाचा गंज होऊन तो तळाशी बसतो. दगड, मुळे, पडलेल्या फांद्या, सगळ्यांवर दाट नारिंगी थर होता, आणि वाकून बराच वेळ शोधूनही एक किडा दिसला नाही. पुढे हॉकिंग नदीपर्यंतचे सुमारे सात मैल पात्र या थराने निर्जीव केले आहे. कोळशाचा नफा घेऊन माणसे केव्हाच निघून गेली आणि त्याची किंमत हा ओढा अजून भरतो आहे, याचा मला तेथे उभे असताना फार संताप आला.

दिवसाला जवळजवळ ६,००० पौंड लोहऑक्साइड येथून बाहेर पडते. ओहायो विद्यापीठातील अभियंते गाय रिफलर आणि चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी त्याचेच रंगद्रव्य करण्याचा ध्यास घेतला. पाण्यात हवा खेळवून व आम्ल शमवून गाळ खाली बसवायचा, तो धुऊन वाळवायचा आणि भट्टीत भाजायचा. आच वाढवीत नेली की पिवळसर मातकट रंग तांबडा होतो आणि पुढे जांभळ्याकडे झुकतो. गॅम्ब्लिन कंपनीने त्याचे तैलरंग बाजारात आणले आहेत. वारली घरांच्या भिंतींवर ज्या गेरूवर तांदळाच्या पिठाची चित्रे उमटतात, त्याचा तांबडेपणाही लोहऑक्साइडचाच असल्यामुळे हा रंग मला परका वाटला नाही.

मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यामागचा हिशेब. खाणीचे पाणी एकदा शुद्ध करून भागत नाही, ते पिढ्यानपिढ्या करावे लागते, आणि एवढा काळ अनुदान कोण देणार? रंग विकला गेला तर शुद्धीकरणाचा खर्च त्यातूनच निघू शकतो. म्हणूनच ‘रुरल ॲक्शन’ या संस्थेने ‘ट्रू पिग्मेंट्स’ हा उपक्रम उभा करून ट्रूटाउनला मोठ्या प्रकल्पाचे काम हाती घेतले. प्रत्येक नदीला हा उपाय लागू पडणार नाही. आपल्या मुळा-मुठेचे दुखणे मुख्यतः सांडपाण्याचे आहे आणि त्यातून असा रंग निघणार नाही. परंतु जेथे लोह मुबलक आहे, अशा सोडून दिलेल्या कोळसा खाणींजवळच्या ओढ्यांवर हा प्रयोग व्हायलाच हवा, आणि विक्रीच्या पैशावर पहिला हक्क ओढ्याचाच असावा.