मान्यता नसलेल्या देशांचा अल्बम: सोमालीलँडची पानं कुठवर आली

मंडळी, जगाने मान्यता न दिलेल्या देशांच्या नोटा-तिकिटांचा अल्बम मी करतोय, त्यात ट्रान्सनिस्ट्रिया आणि अबखाझिया झाल्यावर आता सोमालीलँड, म्हणजे सोमालियाच्या उत्तरेचा स्वतःला वेगळा देश म्हणवणारा भाग, घेतलाय हे मागच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा वाटलेलं की हा सेक्शन पटकन उरकेल, पाच-सहा नोटा लावल्या की झालं. पण हा विषय असा आहे की नोटांवरून तिकिटांवर गेलो, तिकिटांवरून थेट आपल्याच मुंबई इलाख्यात येऊन पडलो, आणि आता पानं वाढतच चाललीयत.

आधी नोटा, कारण त्या सोप्या. सोमालीलँडने १८ मे १९९१ला बुराओ शहरात सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं आणि १९९४मध्ये स्वतःचा शिलिंग काढला. ५ ते ५०० पर्यंतचा १९९४चा सेट आता माझ्याकडे पूर्ण झालाय, सगळा यूएनसी, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या नोटा. खालच्या किमतीच्या नोटा शंभर-दीडशे रुपयांत आरामात मिळतात, नवीन माणसाने सुरुवात करायला एकदम भारी. ५च्या नोटेवर कुडू आहे, पिळदार शिंगांचं मोठं हरीण. ५००च्या मागच्या बाजूला बंदरावर बोट लागलेली आणि पुढे मेंढ्या घेऊन उभी असलेली माणसं. या देशाची अख्खी इकॉनॉमी त्या एका चित्रात आहे, बर्बेरा बंदरातून जिवंत मेंढ्या-बकऱ्या सौदीला पाठवायच्या, त्यावर सगळं चालतं. राजधानी हर्गेसात रस्त्यावरचे मनी चेंजर नोटांच्या थप्प्या विटांसारख्या रचून बसतात ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच. डॉलरला हजारोंनी शिलिंग मिळतात, त्यामुळे ५ची नोट आता तिकडे कुणी हातात घेत नसणार, ती आपल्यासारख्यांच्याच अल्बमात.

खरी मजा १९९६च्या ओव्हरप्रिंटमध्ये आहे. स्वातंत्र्याची पाच वर्षं झाली म्हणून त्याच नोटांवर १८ मे १९९६ ही तारीख आणि वर्धापनदिनाचा मजकूर छापला, काहींवर ब्राँझ रंगात, काहींवर चंदेरी. ब्राँझवाल्या काही मिळाल्यात. चंदेरीवाल्या घेताना जपून, भिंगाखाली शाई नीट बघा, साध्या नोटेवर मागाहून शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो.

आता तिकिटं. ज्यांना वाटतं १९९१च्या आधी इथे काहीच नव्हतं त्यांनी हे वाचाच. ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार १८९८पर्यंत एडनमार्फत चालायचा, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात. बर्बेरा आणि झैला इथे आपली साधी भारतीय तिकिटंच चालायची, आणि १९०३मध्ये या प्रोटेक्टोरेटची (ब्रिटिश संरक्षणाखालच्या प्रदेशाची) म्हणून जी पहिली तिकिटं आली तीही भारतीयच, राणी व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डची, वर फक्त ब्रिटिश सोमालीलँड असं काळ्या शाईत मारलेलं. ओव्हरप्रिंट कधी वर, कधी खाली, आणि काहींमध्ये ब्रिटिश शब्दातला एक आय गायब. माझ्याकडे व्हिक्टोरियाचं एक आहे, ओव्हरप्रिंट वर असलेलं, कोपरा जरा दबलेला पण शिक्का सुंदर बसलाय. आण्यातली किंमत तर १९५१पर्यंत टिकली, मग त्याच तिकिटांवर सेंट आणि शिलिंग छापून घेतले. १९३८च्या सेटमध्ये बर्बेऱ्याची काळ्या डोक्याची मेंढी आहे, कुडू आहे आणि मोठ्या किमतींवर नकाशा आहे. कुडूचं तिकीट आणि १९९४ची ५ची नोट मी एकाच पानावर समोरासमोर लावलीयत, कारण नव्या सरकारला स्वतःचं चित्र निवडायचं होतं तेव्हा त्यांनी जुन्याच प्रोटेक्टोरेटचं हरीण उचललं. आणि हा योगायोग नाहीये, पुढे येतोच.

त्या नकाशाच्या तिकिटाशी मी सर्वात जास्त वेळ घालवला. कारण सोमालीलँडचा सगळा दावाच तो नकाशा आहे. ते म्हणतात आम्ही फुटून निघालो नाही, आम्ही आधीपासून देश होतो. २६ जून १९६०ला ब्रिटिश गेले आणि सोमालीलँड स्वतंत्र झालं, मोहम्मद इब्राहिम एगाल पंतप्रधान, आणि पाचच दिवसांनी १ जुलैला ते इटालियन ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी जोडलं गेलं. जोडणीही नीट झाली नाही. उत्तरेच्या विधिमंडळाने एक कायदा केला, दक्षिणेने वेगळाच मसुदा फक्त तत्त्वतः मान्य केला, आणि मग जानेवारी १९६१मध्ये नवा कायदा मागच्या तारखेपासून लागू केला. त्याच वर्षी घटनेवर सार्वमत झालं तेव्हा उत्तरेने बहुमताने नाही म्हटलं. डिसेंबरमध्ये उत्तरेच्या काही लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून बघितला, फसला.

त्या पाच दिवसांचा पुरावा कागदावर आहे का, हा आपल्यासारख्यांचा प्रश्न. आहे! सोमालियाच्या तीन तिकिटांवर सोमालीलँडचं स्वातंत्र्य आणि २६ जून १९६० असं ओव्हरप्रिंट करून ती काढली. दिसायला अगदी साधी. कॅटलॉगमध्ये ती सोमालियाखाली बघावी लागतात, आणि अल्बमात लावताना माझी तिथेच गोची झाली. सोमालियाच्या पानावर ठेवली तर मोगादिशूची, म्हणजे सोमालियाच्या राजधानीची बाजू घेतल्यासारखं, वेगळं पान केलं तर हर्गेसाची. शेवटी वेगळं पान केलं, कारण तारीख त्यांची आहे. पण कॅटलॉगवाल्यांनाही नावं ठेवत नाही, मूळ तिकीट सोमालियाचंच आहे ना. त्याच पानावर त्याआधीची दोन ओव्हरप्रिंटं लावलीत, १९५७ची विधिमंडळाची आणि १९६०ची, त्या मंडळात बिनसरकारी सदस्य बहुमतात आल्याची. एका रांगेत बघितलं की देश कसा टप्प्याटप्प्याने झाला ते दिसतं.

मधल्या काळासाठी पान रिकामंच ठेवलंय. १९६९ला सियाद बारे लष्करी उठावाने सत्तेवर आला, १९८१मध्ये लंडनमध्ये त्याच्याविरुद्ध लढणारी उत्तरेची सोमाली नॅशनल मूव्हमेंट उभी राहिली, १९८८मध्ये त्यांनी बुराओ आणि हर्गेसावर चढाई केली आणि बारेच्या विमानांनी हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून हर्गेसावर बॉम्ब टाकले. बहुतेक शहर जमीनदोस्त, लाखो माणसं इथिओपियात. त्याची आठवण म्हणून शहराच्या मध्यभागी आज एक मिग लढाऊ विमान चौथऱ्यावर ठेवलंय. त्या काळाचं त्यांच्या बाजूचं छापील काही माझ्याकडे नाही आणि उगाच काहीतरी चिकटवायचं नाही.

१९९१नंतरची तिकिटं? डीलर दाखवतात, वाघ, फुलपाखरं, रेल्वे इंजिनं, वर सोमालीलँड लिहिलेलं. घेऊ नका. हा देश जागतिक टपाल संघटनेचा सदस्य नाही, आणि ते बहुतेक कागद कलेक्टरचे पैसे काढण्यासाठीच छापलेले असतात. मान्यता नसल्याचा फटका असाही बसतो, तुमच्या नावाने कुणीही दुकान मांडतं आणि तक्रार कुठे करायची तर दारच नाही.

बाकी कारभार मात्र चालतोय. १९९३ला बोरामा शहरात वडीलधारी मंडळी महिनोन्‌महिने बसली आणि पुन्हा एगाललाच अध्यक्ष केलं, म्हणजे पाच दिवसांच्या देशाचा पंतप्रधान तेहेतीस वर्षांनी परत. २००३ची अध्यक्षीय निवडणूक ८० मतांच्या फरकाने लागली आणि हरलेल्याने शेवटी निकाल मानला. २००५मध्ये आफ्रिकन युनियनचं पथक येऊन गेलं आणि त्यांनी या केसला आफ्रिकेच्या राजकीय इतिहासात एकमेव म्हटलं, त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही. युरोप-अमेरिका म्हणणार आधी आफ्रिकेने मान्य करू दे, आफ्रिका म्हणणार मोगादिशूशी बोला. इरिट्रिया आणि दक्षिण सुदान झाले ते मूळ देश तयार झाल्यावर, इथे सोमालिया तयार नाही, गाडी तिथेच अडलीय. तैवानने २०२०मध्ये प्रतिनिधी कार्यालय उघडलं, पण तैवानचंच मान्यतेचं घोडं अडलंय. १ जानेवारी २०२४ला इथिओपियाबरोबर समुद्राच्या बदल्यात मान्यतेचा करार झाला म्हणून गाजलं, वर्षअखेरीस अंकारात इथिओपिया आणि सोमालियाने हात मिळवले. मग २६ डिसेंबर २०२५ला इस्रायलने मान्यता दिली, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी पहिलाच देश. हर्गेसात जल्लोष झाला, पण मला विचाराल तर पहिली मान्यता अशा देशाकडून आली की शेजारचे मुस्लिम देश आणखी लांब जाणार.

आणि दाव्याची दुसरी बाजूही अल्बममध्येच आहे. १९५३च्या एलिझाबेथच्या सेटमध्ये तालेहचा किल्ला आहे, ब्रिटिशांशी लढणाऱ्या दरवेशांचा, ज्यावर १९२०मध्ये ब्रिटिशांनी विमानातून बॉम्ब टाकले. तालेह हर्गेसाच्या हद्दीत येतं ते फक्त त्या नकाशावर. २०२३मध्ये त्याच भागातल्या लास आनोद शहराच्या लढाईत सोमालीलँडच्या फौजेला तिथून मागे हटावं लागलं, तिथल्या लोकांना मोगादिशूबरोबर राहायचंय. म्हणून किल्ल्याचं तिकीट मी नकाशाच्या तिकिटाशेजारीच लावलंय, बघणाऱ्याने काय ते समजावं.

आता राहिलंय ते चंदेरी ओव्हरप्रिंटमधल्या मोठ्या किमती, १९०३च्या गायब आयवालं एखादं परवडेल असं, आणि बुराओचा शिक्का असलेलं आण्यातलं तिकीट, पाकिटासकट मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुणाकडे डबल असेल तर सांगा, माझ्याकडे ट्रान्सनिस्ट्रियाची २०१४ची प्लॅस्टिकची नाणी जादा आहेत, अदलाबदल करू. स्कॅन दोन्ही बाजूंचा पाठवा आणि प्लीज, फ्लॅश मारून फोटो काढू नका, ब्राँझची शाई त्यात दिसतच नाही.