आमची वाटचाल : दाब, आरी आणि एक न पाठवलेलं बिल

पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं. जुजबंदी शिलाईत, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने एकमेकींना शिवण्यात, भागीदाराचा हात धरणारा कोणी नव्हता. कटिंग, पुठ्ठा आणि पाठ गोल करणं माझ्याकडे. दोघं एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चमधले, एकाच बाकावर बसणारे. त्यामुळे करारपत्र केलं नाही. (करा. एकाच बाकावर बसत असाल तर आधी करा.)

वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा मी बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 13वा अध्याय मनात धरून म्हणालो, "दादा, तू आधी निवड." अब्राहामाने आपल्या पुतण्याला, लोटाला, तसंच म्हटलं होतं. लोटाने यार्देन नदीचं पाणी असलेलं खोरं घेतलं; आमच्या दादाने कटिंग मशीन आणि वह्यांची कायमची ऑर्डर घेतली. माझ्या वाट्याला पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी दाब, भोकं पाडायच्या दोन आऱ्या आणि घड्या बसवायची हाडाची पट्टी. खरं सांगतो, तो "नको, तूच निवड" म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणजे ते औदार्य नव्हतंच, डाव होता.

पुढची दोन वर्षं धंदा बुडता बुडता राहिला. सरस भिजत घालायचा आणि काम नाही म्हणून तो वास मारेपर्यंत तसाच. त्यात एक निवृत्त पाळक आपलं बायबल घेऊन आले. पाठ फुटलेली, स्तोत्रसंहितेचे फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या) सुटलेले. मी जुनी शिलाई उसवली, प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, नव्याने शिवलं. पैसे नको म्हणालो तर रागावले. "तुझ्या कामगाराचा पगार झालाय का?" पगार थकला होता. "मग आधी तो दे. लेवीय 19 मध्ये मजुराची मजुरी रात्रभरही ठेवू नको म्हटलंय. त्याच्या पैशांनी माझ्यावर उपकार करू नकोस." पुढच्या आठवड्यात मंडळीची 60 गीतपुस्तकं आली, पूर्ण दराने. तेव्हापासून मी दानधर्म करतो तो पगाराचा दिवस उलटल्यावर, स्वतःच्या वाट्यातून. तुम्हीही तसंच करा.

नंतर जुनं कटिंग मशीन घेतलं, माणसं वाढली. ती वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

मग ऐन सीझनमध्ये एका रात्री दादा दारात उभा. त्याचं मशीन बंद पडलेलं, माल सकाळी द्यायचा होता. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? दर. दुप्पट दर. आणि लगेच बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा 15वा अध्याय आठवला : सातव्या वर्षी कर्ज सोडायचं असतं, म्हणून ते वर्ष जवळ आलं की गरिबाला उसनं देताना हात आखडतो. तो विचारच तिथे अधम म्हटलाय, आखडलेला हात नंतरचा. दादा काही गरीब नव्हता, पण माझा हात तसाच आखडला होता. चावी दिली. दोन रात्री त्याने कटिंग केलं.

तिसऱ्या दिवशी मी गड्डी कापली तर कडेवर वरपासून खालपर्यंत रेघ. पात्याला खाच! त्याच्या गड्ड्यांत पिन राहिली असणार. तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. खाच जाईपर्यंत धार लावली, म्हणजे पातं तेवढं झिजलं. ज्यांना हा धंदा कळतो त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

धार लावल्याचं बिल मी त्याच्या नावाने लिहिलं. पाठवणार, तोच पाळकसाहेबांचं बायबल पुन्हा बाइंडिंगला आलं. उसवताना प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचं पान सुटून हातात आलं, एवढंसं पत्र. पळून गेलेल्या तुझ्या दासाने तुझं काही देणं ठेवलं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं पौलाने तिथे स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. पट्टी लावून ते पान वाळत ठेवलं.

बिल पाठवलं नाही. फाडलंही नाही. बिलबुकात आहे, वरची प्रत, मधला कार्बन आणि खालची प्रत, तिन्ही जागच्या जागी. दादा रविवारी भेटतो, मशीन कसं चाललंय म्हणून विचारतो. मी म्हणतो, छान.