रॉड ब्रेक आणि टेंबलाईचा उतार

आजोबांची काळी, २८ इंची सायकल परत रस्त्यावर आणायची ठरवली तेव्हा बाकीचं काम पटापट झालं. ओव्हरऑइलिंग, टायर-ट्यूब, सीट, सगळं एकाच दुकानात. अडलं ते ब्रेकपाशी. हे जुने रॉड ब्रेक, म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे. सपाटीला भागायचं, पण कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या उताराला लिव्हर पार हँडलला टेकायचा आणि सायकल आपल्या मर्जीनं खाली.

उद्यमनगरातले सायकलवाले मामा म्हणाले, "कशाला ते रॉड मिरवतायसा? केबलचं ब्रेक टाकूया की."

पण या सायकलींची वेस्टवूड रिम बाजूंना गोलसर असते. केबल ब्रेकची रबरं बाजूनं दाबतात, त्यांना इथं सपाट जागाच मिळत नाही. रॉड ब्रेकची रबरं आऱ्यांच्या बाजूनं, आतून रिमला भिडतात. म्हणजे केबल टाकायची तर रिमाही बदला. मग आजोबांचं काय उरलं? शिवाय मला ते रॉडच आवडतात, हे आपलं खासगीत.

ब्रेक लागत नाही म्हटलं की सगळे आधी रबर बदलतात. चार दिवस बरं वाटतं. खरं दुखणं सांध्यांत असतं. मागच्या ब्रेकचा रॉड हँडलपासून निघून फ्रेमच्या खालच्या नळीला लागून पायडलपर्यंत जातो आणि तिथून मागच्या चाकाकडं वळतो. वाटेतल्या प्रत्येक सांध्याची पिन झिजलेली, भोक लांबट झालेलं. एकेका ठिकाणी केसभरच ढिलाई, पण सगळी मिळून लिव्हरची बरीचशी चाल तिथंच खर्ची पडायची. उद्यमनगरात अशा कामाला लांब जावं लागत नाही. शेजारच्या लेथवर पिना नव्या काढून घेतल्या, भोकांना पितळी बुश बसवले. सगळ्यात जास्त पैसे इथं गेले आणि फरकही इथंच पडला.

मग चाकांचा आऊट काढला. एरवी चाक डावीकडं-उजवीकडं डुलतंय का, एवढंच बघतात. या ब्रेकला मात्र चाक वर-खाली उडतंय का ते बघावं लागतं, कारण रबर आतूनच लागतं. मामांनी चाक धरणाऱ्या काट्याला (फोर्कला) टेकवून खडू रिमच्या आतल्या अंगाला धरला आणि चाक फिरवलं. जिथं खडू घासला तिथं रिम आत दबलेली. तिथल्या तारा, म्हणजे आरे, किंचित सैल केल्या, बाकीच्या कसल्या. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, त्यामुळं दुपार त्यातच गेली. मामा शेवटी शेवटी बोलायचेच बंद झाले.

राहिला पाऊस. क्रोमच्या ओल्या रिमवर साधं रबर साबणासारखं सरकतं आणि कोल्हापूरच्या पावसात रिम कोरडी मिळणार कुठं? पूर्वी विलायतेत अशा रिमांसाठी कातडं लावलेली ब्रेक रबरं मिळायची, हे ठाऊक होतं. कातडं तर आपल्या गावचंच! चप्पल लाईनीतल्या एका कारागिराकडून तळाच्या जाड कातड्याचे तुकडे घेतले, बाभळीच्या सालीत कमावलेले. खिळा नको, एवढंच बजावलं, नाहीतर रिमवर चरे पडले असते. "आमच्या चपलेलाबी खिळा नसतोय," ते म्हणाले. रबर घासून पातळ केलं आणि वर कातडं चिकटवलं.

पावसात आता टेंबलाई उतरता येते. लांबूनच दाबायला सुरुवात करावी लागते आणि ब्रेक एवढा ओरडतो की घंटीची गरज पडत नाही. कातडं रबरापेक्षा लवकर झिजतं, म्हणून जादाचे तुकडे कापून ठेवलेत. रिमच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतं तिची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला ठेवायची. उलटी बसली तर ब्रेक दाबताच रबर निसटून रस्त्यावर पडतं.