पुढच्या रेषा

"रेषा मागे असतात रे, पुढे नाही."

पळणारा मुलगा काढणाऱ्या एका विद्यार्थ्याला एवढंच म्हणाले मी. खोडरबर त्याच्यापुढे सरकवला आणि पुढच्या बाकाकडे वळले. दहा सेकंदांचं काम. त्याला तीन आठवडे होऊन गेले, तरी तो कागद अजून माझ्या कपाटात वरच्याच फळीवर आहे.

मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवते. वर्षातून एकदा चार तास फक्त हालचालीसाठी राखून ठेवते : स्थिर कागदावर हलणारी गोष्ट कशी दाखवायची. चित्रकलेचा तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं कागद वाटण्यात आणि टोकं काढण्यात जातात. परीक्षा जवळ आली की गणिताच्या उजळणीसाठी पहिला बळी याच तासाचा जातो. म्हणून हे चार तास मी जिवापाड जपते.

आठ वर्षांच्या मुलाला पळणारा माणूस काढायला सांगितलं की तो बहुधा उभाच माणूस काढतो आणि त्याचे पाय फाकवतो. धड खांबासारखं सरळ. कोपर नाही, गुडघा नाही. ज्या बाजूचा पाय पुढे, त्याच बाजूचा हातही पुढे. यात हात न वळण्याचा प्रश्न नसतो. माणूस कसा असतो हे मुलाच्या मनात पक्कं झालेलं असतं आणि ते मोडायला ते तयार नसतं. "नीट बघून काढ" म्हणून काही होत नाही, कारण बघण्याआधीच उत्तर तयार असतं.

यावर माझी एक रीत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. आधी पळायचं, मग काढायचं. पहिल्या तासाला पेन्सिलला हातच लावायचा नाही. मैदानावर जायचं, जोरात पळायचं, मी टाळी वाजवली की आहे तसं थिजायचं. कुठला हात पुढे आहे? कुठला पाय? वजन कुठे आहे, टाचेवर की चवड्यावर? छाती कुठे झुकली आहे? मग तेच अगदी हळू, पाण्यातून चालल्यासारखं. उजवा पाय पुढे येताना डावा हात पुढे येतो, हे तेव्हा कुठे मुलांना कळतं. दरवर्षी कुणीतरी ओरडतंच, "बाई, माझा हात आपोआप येतोय!"

दुसऱ्या तासाला वर्गात दहा सेकंदांची चित्रं. एक मूल पोज देतं, बाकीच्यांनी आधी फक्त कण्याची रेषा ओढायची, डोक्यापासून मागच्या टाचेपर्यंत एकाच झटक्यात. रेषा तिरकी पडली की माणूस अर्धा पळायला लागलाच. हातपाय नंतर. पेन्सिल मऊ, २बी. कडक एचबीने मुलं कागदात चर पाडतात.

तिसऱ्या तासाला मोठ्यांनी हे कसं केलं ते दाखवते. सुरुवात घोड्यांपासून. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र केलं. त्यातल्या घोड्यांचे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले, चारही जमिनीच्या वर. मग १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडून दौडणाऱ्या घोडीचे फोटो काढले. त्यात दिसलं, की चारही खूर हवेत असतात खरे, पण पाय तेव्हा पोटाखाली गोळा झालेले असतात. दोन्ही चित्रं शेजारी लावून मी विचारते, "यातला कुठला घोडा जास्त जोरात पळतोय?" जवळजवळ सगळा वर्ग जेरिकोच्या घोड्याकडे बोट दाखवतो, म्हणजे चुकीच्या घोड्याकडे. तिथून खरा तास रंगतो.

मग फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतला आठ पायांचा गवा. ही गुहा १९९४ मध्ये सापडली, त्यातली चित्रं तीस हजार वर्षांहून जुनी. ते आठ पाय पळणं दाखवायलाच काढले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. मग इटालियन चित्रकार बाल्लाने १९१२ मध्ये रंगवलेला साखळीचा कुत्रा, पायांचा नुसता धूर झालेला. मग स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या सूत कातणाऱ्या बायका. त्यातल्या चरख्याच्या चाकाला आरेच दिसत नाहीत, गरगरण्याची नुसती चकाकी. १६५५ ते १६६० च्या दरम्यानचं हे चित्र, कॅमेरा जन्माला यायच्या कितीतरी आधीचं. ते पाहून एका मुलीने आपल्या सायकलची दोन्ही चाकं बोटाने घासून करडी केली. तिचं चित्र वर्गशिक्षिकेने पालकभेटीच्या फलकावरून उतरवलं, "काम अस्वच्छ आहे" म्हणून. स्वच्छ म्हणजे चांगलं, हा समज शाळांमध्ये इतका खोल रुजला आहे, की अख्ख्या वर्गातलं सर्वांत नीट बघून काढलेलं चित्र खाली उतरतं आणि कुणाला काही वाटत नाही.

वेगाच्या रेषा मी अगदी शेवटी, चौथ्या तासाला घेते. मुलांना त्या कार्टूनमधून आधीच येत असतात, आणि आधी मोकळीक दिली तर उभ्या माणसामागे तीन रेषा ओढून "झालं बाई" म्हणून मोकळी होतात. म्हणून आधी शरीर पळलं पाहिजे, मग रेषा. हा क्रम कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही. तो मी वर्षानुवर्षं चुकत चुकत बसवला आहे.

तर तो चौथा तास. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, मैदान ओलं होतं, म्हणून मुलांना व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं आणि धापा टाकतच चित्राला बसवलं. शेवटून दुसऱ्या बाकावरचा हा मुलगा. फारसा बोलत नाही. त्याची चित्रं नजरेत भरणारी नसतात, वाईटही नसतात. मी पोचले तेव्हा त्याचा पळणारा मुलगा जवळजवळ पुरा झाला होता. अंग छान झुकलेलं, हात-पाय बरोबर उलटसुलट. डोळे मात्र नुसत्या दोन आडव्या फटी. कंटाळा करून उरकलेत असं मला वाटलं. आणि वेगाच्या सगळ्या रेषा चेहऱ्यासमोर. कागदाच्या डाव्या कडेपासून निघून थेट नाकाशी येऊन भिडलेल्या. त्यामुळे तो मुलगा मागे मागे ढकलला जातोय असं दिसत होतं.

मी ते वाक्य बोलले. त्याने एकदा चित्राकडे पाहिलं, मान डोलावली आणि खोडायला लागला. वाद नाही, प्रश्न नाही. तास संपताना कागद गोळा केले तेव्हा चार सरळ रेषा पाठीमागे होत्या, इतर सगळ्यांसारख्या. मी बरोबरची खूणही केली.

संध्याकाळी फलकावर लावायला चित्रं निवडत होते. खिडकीतून तिरका उजेड येत होता, आणि त्या कागदावर चर दिसले. खोडलेल्या रेषांचे. तो दाबून काढतो, त्यात त्या दिवशी २बी पुरल्या नव्हत्या म्हणून त्याच्या वाट्याला एचबी आली होती. मी मऊ पेन्सिल आडवी धरून त्या भागावर हलक्या हाताने फिरवली. अशाने खोलगट चर पांढरे राहतात आणि भोवतालचा कागद काळा होतो, खोडलेलं चित्र परत वर येतं. आलं.

रेषा नाकाशी थांबत नव्हत्याच. त्या चेहऱ्याला भिडून दुभंगत होत्या. अर्ध्या कपाळावरून, केसांवरून वळून मागे जात होत्या, अर्ध्या हनुवटीखालून, खांद्यावरून. डोक्यामागे जाऊन त्या पुन्हा जवळ येत होत्या आणि तिथे दोन छोट्या गिरक्या होत्या. वर्गात मी फक्त पुढचा भाग पाहिला होता, कारण चूक तिथे आहे हे मी आधीच ठरवलं होतं.

ते वारं होतं. आणि डोळ्यांच्या फटी म्हणजे कंटाळा नव्हता. वाऱ्यात पळताना डोळे तसेच होतात.

मला त्या क्षणी मारे आठवला. एत्येन-जूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये त्याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला आणि उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रं टिपली. बाल्लाच्या कुत्र्याचे अनेक पाय त्याच्या असल्याच फोटोंच्या वाटेने आलेले. मुलांना मी एवढाच मारे सांगते. पण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९०१ च्या सुमारास, त्याने आणखी एक काम केलं. काचेच्या पेटीत धुराच्या बारीक समांतर धारा सोडल्या, त्यांच्या वाटेत वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे ठेवले आणि फोटो घेतले. धुराच्या रेषा समोरून येतात, ठोकळ्याला भिडून दुभंगतात, त्याला वळसा घालतात आणि मागे गिरक्या घेतात. ठोकळा जागचा हलत नाही, तरी फोटोत वेगच वेग असतो. हे फोटो माझ्याकडे आहेत. वर्गात मी ते कधीच दाखवले नव्हते, मुलांना जड जातील म्हणून.

मागच्या रेषा या बघणाऱ्याच्या. पळणारा समोरून निघून गेला, त्याची वाट डोळ्यांत रेंगाळली, ती आपण ओढतो. पण जो स्वतः पळतो, त्याच्या मागे काही नसतं. त्याला जे लागतं ते समोरून येतं आणि तोंडावर आदळतं. मी मुलांना पळायला लावलं होतं ते कशासाठी? अंगाला कळलेलं कागदावर यावं म्हणून. सगळ्या वर्गात एकाने ते शेवटपर्यंत नेलं, आणि मी कडेला उभं राहून बघणाऱ्याच्या नियमाने ते तपासलं. त्या नियमाने बाकीची सगळी चित्रं पास झाली.

मला जास्त टोचतं ते त्याचं लगेच मान डोलावणं. "वारं आहे बाई" एवढं म्हणाला असता तर मी थांबले असते. असं मी स्वतःला सांगते, पण नक्की थांबले असते का, हे सांगता येत नाही. २५ मिनिटांत ४० मुलांच्या बाकांपाशी पोचायचं असतं, म्हणजे एका मुलाला पुरतं एक मिनिटही येत नाही. ही सबब खरी आहे. तरी "हे काय आहे रे?" विचारायला दोन सेकंद लागतात, आणि मी चूक सांगायला त्याहून जास्त घेतले.

एका सहकाऱ्याला कागद दाखवला. तो म्हणाला, तू फारच वाचतेस त्यात, मुलाने चुकून काढलं असेल. चुकून रेषा दुभंगतात? चुकून डोक्यामागे जवळ येतात? काहीच न बोलता मी कागद परत घेतला.

पुढच्या आठवड्यात हालचालीचा पाचवा तास घेतला, नियोजनात नसलेला. मारेचे धुराचे फोटो भिंतीवर लावले आणि मुलांना पुन्हा पळवलं. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या पहिल्या रेषा मी नीट बघितल्या नव्हत्या, त्या मला फार आवडल्या. तो हसला, पण मी नेमकं कशाबद्दल बोलतेय हे त्याला आठवत होतं असं वाटलं नाही. नवा कागद दिला. त्याने मुलगा काढला, झुकलेला, कोपरं वाकलेली, या वेळी डोळे गोल आणि उघडे. मग पेन्सिल उचलून धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, रेषा मागे ना?"

"तुला कुठे लागल्या त्या, पळताना?" मी विचारलं.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग शेजारच्याच्या कागदाकडे पाहिलं आणि मागे चार रेषा ओढल्या. सरळ, एकसारख्या अंतरावर.