‘माह्याच्यानं नाई होत’ म्हणणाऱ्यांचा वर्ग : आमची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात आमचे व्यायामवर्ग २०१८ पासून सुरू आहेत. जिम नाही, आसनांचा वर्गही नाही. गुडघे धरलेले, शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू असलेले, शाळा सुटल्यापासून व्यायाम म्हणून कधी हात वर न केलेले असे चाळिशी ते पंचाहत्तरीचे लोक आमच्याकडे येतात. खुर्चीच्या आधारानं, सगळ्यांनी मिळून, पाऊण तास, आठवड्यातून तीन दिवस. धंदा लहान आहे, पण आता आम्हा दोघी भागीदारांची घरं त्यावर चालतात आणि गावातल्या दोन शिकवणाऱ्या बायांना महिन्याचे पैसे मिळतात.

माझं शारीरिक शिक्षण अमरावतीत, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात झालं. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. तिच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. तिथल्या मैदानावर मी पाहिली ती सगळी तयार शरीरं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा आजूबाजूला दिसली ती चूल, वावर आणि पाळण्याच्या दोरीत झिजलेली माणसं. माझी भागीदार मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी कुठेतरी सांगितलेलं असायचं, ‘रोज चालत जा’. ते कोणाकडून होत नव्हतं, आणि त्यात आळसाचा भाग फार थोडा होता.

हा खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग. जुलै-ऑगस्टात काळी माती चपलेला अशी धरते की पाय उचलला तर चप्पल मागे राहते. गुडघा दुखणाऱ्या बाईनं त्या चिखलात पाय घालावा हे मी तरी सांगणार नाही, पडली तर खुब्याचं हाड मोडेल. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. मधल्या काळात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. म्हणजे सल्ला बरोबर असूनही वर्षाचे कितीतरी महिने तो कामाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अटही त्यात काढून टाकली. थोडीही हालचाल काहीच न करण्यापेक्षा बरी, असं त्या स्पष्ट सांगतात. आमच्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. चार भिंतींच्या आत, खुर्ची धरून, तुकड्यातुकड्यानं केलेलंही मोजलं जातं.

पहिल्या बॅचला लोक आले, पण ते आधीच धडधाकट होते. निवृत्त गुरुजी, रोज पहाटे फिरायला जाणारे, योगदिनाला पहिल्या रांगेत बसणारे. त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. पण ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ती माणसं दारापर्यंतही येईनात. मग आम्ही पत्रकं छापायचं सोडून बचत गटांच्या बैठकांत जाऊन बसायला लागलो. तिथे बायका मोकळं बोलतात. ‘खाली बसली तर उठता येत नाई मले.’ ‘साडी नेसून हात-पाय कशे हालवू, लोकं हासतीन.’ आणि सगळ्यांत जास्त ऐकलेलं, ‘माह्याच्यानं नाई होत वो ताई.’ व्यायामाचा कंटाळा आहे असं क्वचितच कोणी म्हणालं. भीती होती ती चारचौघांत फजिती होण्याची. हे एकदा कळल्यावर पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घेतले.

पाटीवरून वजनाचा उल्लेख आणि फोटो, दोन्ही काढले. बारीक पोरीचा फोटो पाहून साठीची बाई हेच समजते की हे आपलं ठिकाण नाही. त्याऐवजी पाटीवर लिहिलं : ‘पंगतीत मांडी घालून बसता यावं, एसटीची पायरी आधाराशिवाय चढता यावी, शेगावच्या रांगेत उभं राहता यावं.’ आमच्याकडे लोकांना हेच हवं असतं. महाराजांच्या दर्शनाला जायचं आणि रांगेत पाय भरून येतात म्हणून मध्येच बाजूला बसावं लागतं, याचं दुःख रक्तातल्या साखरेच्या आकड्यापेक्षा त्यांना जास्त आहे. आकडाही सुधारतो, कारण स्नायू काम करताना साखर वापरतात, पण तो आम्ही पुढे करत नाही.

खाली बसून करायचं काही नाही. साडीत होणार नाही असं काही नाही. दाराकडून आत दिसणार नाही अशा पडद्यामागे रांग. आरसा नाही. मुख्य नियम असा की पहिल्या दिवशी काहीही करायचं नाही. ‘या ना काकू, नुसत्या बसा, चहा घ्या, पाहा,’ एवढंच. सोबत शेजारीण असेल तर उत्तम, कारण एकटी आलेली बाई सहसा टिकत नाही, जोडीनं आलेली टिकते. म्हणून फीमध्येही जोडीला सूट ठेवली. आजवर आलेले बहुतेक लोक कोणाच्या तरी सांगण्यावरून, त्याचा हात धरूनच आलेत. आशाताईंनी, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांनी, तर कितीतरी जणी आणल्या. तीस वर्षांवरच्यांची शुगर-बीपीची तपासणी त्यांच्याच मार्फत होते, त्यामुळे कुणाला गरज आहे हे त्यांना घराघराचं माहीत असतं.

खुर्च्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण कोणी असा वर्ग सुरू करणार असेल तर त्याला उपयोग होईल. बिछायत केंद्राच्या प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्तात मिळतात, पण गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतात. आम्ही लोखंडी, बिनहाताच्या खुर्च्या घेतल्या, खाली रबरी बूट बसवले, आणि प्रत्येक खुर्चीची पाठ भिंतीला टेकवली. उंची अशी की बसल्यावर गुडघा काटकोनात यावा. ज्यांना तेवढ्यावरूनही उठता येत नाही त्यांच्या खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी टाकतो. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. मग महिन्या-दीड महिन्यात एकेक घडी कमी करत जायचं.

एक काकू आल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांवर दाबल्याशिवाय उठायच्याच नाहीत. त्यांना आधी पाय मागे घ्यायला शिकवलं, टाचा खुर्चीच्या पायांपाशी. मग पुढे वाकून नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायचं, आणि मोठ्यानं ‘एक’ म्हणत उठायचं. इतकी वर्षं त्या पाठ ताठ ठेवून उठायला बघायच्या, त्यामुळे सगळा भार हातांवर यायचा. वजन पुढे गेलं तसं शरीर आपोआप वर आलं. उभ्या राहिल्या आणि हात हवेत तसेच राहिले. म्हणाल्या, ‘माय वो, हात तं लावलेच नाई मी!’ मांडीचे पुढचे स्नायू बळकट होत गेले की झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं कमी होतं. गुडघेदुखीत व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. पण त्या दिवशी काकूंना स्नायूचं नाव सांगायची गरजच पडली नाही.

आकडे मोठ्यानं मोजायला लावतो त्यालाही कारण आहे. जोर लावताना माणूस श्वास कोंडतो आणि रक्तदाब एकदम चढतो. तोंडानं मोजत असेल तर श्वास कोंडता येत नाही. श्रम किती होताहेत ते भजनावर कळतं. हालचाल करता करता बोलता येतंय पण भजन म्हणता येत नाही, म्हणजे श्रम बरोबर. भजन खणखणीत चाललंय, तर थोडा वेग वाढवा. बोलणंच तुटायला लागलं, तर बसा. आमच्याकडे गावोगावी भजनी मंडळं आहेत, त्यामुळे हे माप समजावून सांगावं लागत नाही.

काही गोष्टींत आम्ही तडजोड करत नाही. छातीत दुखणं, थोड्याशा कामानं धाप लागणं, नुकतंच ऑपरेशन झालेलं, असं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय घेत नाही. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. आणि वर्गात साखरेचा डबा नेहमी हाताशी असतो.

पुरुष आणणं फार कठीण गेलं. पानठेल्यावर एकच उत्तर मिळायचं, ‘दिवसभर वावरात राबतो, आता कायचा व्यायाम?’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण वावरातलं काम एकाच अंगाचं असतं. निंदताना, वेचताना, फवारणीचा पंप पाठीवर घेताना कंबर पुढेच वाकते, मागे कधी ताणली जात नाही. खांदे आखडतात. आणि पन्नाशीनंतर ज्यांनी वावर पोरांच्या हाती दिलं, ते तर एकदम बसूनच राहतात. आम्ही संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतरची वेळ धरली, कारण तेव्हा माणसं तशीही जमलेली असतात. आणि हातात काठी दिली. काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यावर नेणं, पाठीमागून वर सरकवणं, ती टेकवून एका पायावर उभं राहणं. रिकामे हात वर करायला लाजणारे लोक काठी हातात आली की मनापासून करतात. अजूनही पुरुष कमीच आहेत, पण जे आले ते टिकले.

शिकवायला बाहेरून तरुण प्रशिक्षक आणायचे नाहीत, हेही आम्ही ठरवून केलं. आमच्या दोन्ही शिकवणाऱ्या पन्नाशीच्या, नऊवारी-पाचवारीतल्या. त्यातली एक आमच्याच वर्गात गुडघे धरून आली होती. ती उभी राहिली की नव्या बाईला आपोआप वाटतं, हिच्याकडून होतं तर माझ्याकडूनही होईल.

पैशाचं बोलते. महिना २५० रुपये. पहिले दोन आठवडे काही घेत नाही. इथे हातात पैसा येतो तो पीक विकल्यावर, म्हणून कापूस-तूर विकल्यावर एकदम भरायची सोय आहे. काही बचत गट सगळ्यांचे मिळून भरतात. सोंगणीच्या दिवसांत वर्ग रिकामे पडतात, तो महिना धरतच नाही. लग्नसराईत सभागृह मिळत नाही, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात भरवतो. २०२० मध्ये कोरोनानं सगळं बंद पडलं. तेव्हा फोनवरून एकेकीशी बोलून घरच्या खुर्चीवरचे व्यायाम चालू ठेवले, आणि वर्ग पुन्हा उघडल्यावर त्याच बायका सगळ्यांत आधी आल्या.

नोंदीसाठी एकच चाचणी ठेवली आहे. हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली, असं अमेरिकेतल्या तक्त्यात आहे. आमच्या वहीत त्या तक्त्याशी तुलना नाही, प्रत्येकीची तिच्याच मागच्या आकड्याशी आहे. आणि पहिल्या महिन्यात ही चाचणी घेतच नाही.

यंदा दिवाळीनंतर आणखी दोन गावांत वर्ग सुरू करायचे आहेत. खुर्च्या घेऊन झाल्या. शिकवणाऱ्या बायांची तयारी चालू आहे. एका गावात समाजमंदिराला तीन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांना वर्गाला यायला पायऱ्याच चढाव्या लागणार. म्हणून आधी ग्रामपंचायतीकडे कठड्यासाठी अर्ज दिला आहे, आणि तो बसेपर्यंत त्या गावाचा वर्ग अंगणवाडीच्या ओट्यावर भरेल.